अग्निवीर भरतीचे मैदान : सोळाशे मीटर आणि बीमची चार महिन्यांची तयारी

अग्निवीर भरतीसाठी पहिल्यांदाच मैदानात उतरणाऱ्या मुलामुलींसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. तालुक्याच्या मैदानावर पहाटे धावायला येणाऱ्या मुलांबरोबर मी गेली काही वर्षे घड्याळ घेऊन उभा असतो, आणि प्रत्येक रॅलीनंतर, म्हणजे लष्कराच्या मैदानी चाचणीनंतर, परत आलेल्या मुलांकडून बहुधा तीच दोन कारणे ऐकतो : ‘पहिल्या राऊंडला जोरात गेलो, शेवटी पायच उचलेनात’ आणि ‘रनिंग निघालं, पण बीम सहाच झाले’ (बीम म्हणजे बारला लटकून अंग वर ओढणे). ही दोन्ही कारणे टाळता येण्यासारखी आहेत. त्यासाठी चार महिन्यांचा वेळ, नीट मोजलेले मैदान, एक साधे स्टॉपवॉच आणि मुद्दाम हळू धावण्याचा संयम लागतो. यांतली शेवटची गोष्ट मुलांना सर्वांत जड जाते.

चाचणीत नेमके काय असते

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि २०२३ पासून लष्कराने भरतीचा क्रम बदलला. पूर्वी आधी रॅली आणि मग लेखी परीक्षा होत असे. आता आधी संगणकावर सामाईक प्रवेश परीक्षा होते आणि तीत निवडल्या गेलेल्या उमेदवारांनाच रॅलीला बोलावले जाते. या बदलामुळे बरीच मुले निकाल लागेपर्यंत मैदानाकडे फिरकत नाहीत आणि निकाल लागल्यावर उरलेल्या थोड्या आठवड्यांत सगळे उरकायला बघतात. शरीर इतक्या घाईने तयार होत नाही. म्हणून परीक्षेचा अर्ज भरला त्याच दिवशी मैदानावरची तयारी सुरू झाली पाहिजे.

जनरल ड्यूटी पदासाठी मैदानी चाचणीला एकूण १०० गुण असतात. त्यांतले ६० गुण १.६ किलोमीटर धावण्याचे आणि ४० गुण पुल-अप्सचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या बीमचे. ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत येणारा पहिल्या गटात जातो आणि त्याला ६० गुण मिळतात. ५ मिनिटे ३१ सेकंद ते ५ मिनिटे ४५ सेकंदांत येणारा दुसऱ्या गटात जातो आणि त्याला ४८ गुण मिळतात. २०२५ च्या भरतीपासून त्यापुढेही ६ मिनिटे १५ सेकंदांपर्यंत कमी गुणांचे गट ठेवलेले आहेत, परंतु स्पर्धा पाहता तयारी करताना ५:३० हेच लक्ष्य डोळ्यांपुढे ठेवावे. बीमला १० पुल-अप्सचे ४० गुण, ९ चे ३३, ८ चे २७, ७ चे २१ आणि ६ चे १६ गुण मिळतात. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि झिगझॅग बीमवरून, म्हणजे नागमोडी अरुंद पट्टीवरून, तोल सांभाळत जाणे या दोन गोष्टींना गुण नसतात, परंतु त्या पूर्ण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता या आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे, कारण तयारीचा सगळा तोल त्यांवरून ठरतो. पहिल्या गटात धावून सहाच पुल-अप्स काढणाऱ्या मुलाला ७६ गुण मिळतात, तर दुसऱ्या गटात धावून दहा पुल-अप्स काढणाऱ्याला ८८. धावण्यातले पंधरा सेकंद बारा गुणांचे आहेत आणि बीमवरचे चार पुल-अप्स चोवीस गुणांचे. तरीही मुले रोज दोन तास धावतात आणि घरी जाता जाता दोन-तीन वेळा बारला लटकून ‘बीम झाले’ म्हणतात. हे गणित उलटे आहे, हे पहिल्या दिवशीच समजून घ्यावे.

सुरुवात करण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे आपल्या भरती कार्यालयाची चालू वर्षाची अधिसूचना स्वतः पूर्ण वाचणे. पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे लष्कराची भरती कार्यालये आहेत आणि प्रत्येकाकडे ठरावीक जिल्हे आहेत. गोव्याचे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या कार्यालयाकडे येतात. वयाच्या तारखा, पदे आणि शिक्षणाच्या अटी दरवर्षी तिथूनच तपासाव्यात, मित्राच्या मोबाईलवर फिरत आलेल्या चित्रावरून नव्हे.

दुसरे काम म्हणजे उंची आणि छाती मोजून घेणे. महाराष्ट्र आणि गोव्यातील उमेदवाराला जनरल ड्यूटीसाठी १६८ सेंटिमीटर उंची लागते, आणि छाती न फुगवता ७७ सेंटिमीटर व फुगवून त्याहून किमान ५ सेंटिमीटर अधिक लागते. आजी-माजी सैनिकांच्या मुलांना यात थोडी सवलत असते. उंची अनवाणी, भिंतीला टाच आणि पाठ टेकवून, शक्यतो सकाळी मोजावी, परंतु संध्याकाळीही एकदा मोजून पाहावी. दिवसभरात मणका किंचित दबतो, आणि जो मुलगा काठावर आहे त्याला हा फरक ठाऊक असलेला बरा. छातीचा फुगवटा श्वासाच्या सरावाने बऱ्यापैकी वाढतो, उंची वाढत नाही. उंची वाढवून देण्याच्या जाहिराती करणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये.

तिसरे काम वैद्यकीय तपासणीचे. छातीत दुखणे, धावताना भोवळ येणे, दमा किंवा घरात कमी वयात हृदयविकाराने कोणी गेले असणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वेगाने धावायला सुरुवात करू नये. इतरांनीही हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. रक्त कमी असेल तर कितीही घाम गाळला तरी वेळ खाली येत नाही आणि मुलगा उगाच स्वतःला दोष देत राहतो.

चौथे काम मैदान मोजण्याचे, आणि त्याबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. दोन वर्षांपूर्वी एका खासगी अकादमीतून आमच्याकडे आलेला एक मुलगा आपली वेळ ५ मिनिटे १० सेकंद सांगत असे. आमच्या मैदानावर तो ५:३५ ला आला आणि गोंधळून गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही तीस मीटरची टेप घेऊन त्या अकादमीच्या मैदानावर गेलो. चारशे मीटरचा म्हणून सांगितलेला राऊंड तीनशे सत्तर मीटरचा निघाला, म्हणजे चार राऊंडला १,४८० मीटर. त्या मुलाने त्या अकादमीची फी वर्षभर भरली होती. म्हणून मैदान कोणाचेही असो, आतल्या कडेपासून सुमारे एक फूट बाहेरून टेप किंवा मोजलेली दोरी धरून ते स्वतः मोजावे, आणि दर शंभर मीटरवर चुन्याची खूण करावी. शाळेचे मैदान लहान असेल तर दोनशे मीटरचा राऊंड आखून आठ राऊंड धावावे. वळणे अधिक आल्यामुळे वेळ दोन-तीन सेकंद जास्त येईल, एवढे लक्षात ठेवावे.

बुटांचा खर्च अंगावर येईल असा करू नये, पण कॅनव्हासच्या सपाट तळव्याच्या बुटांवर डांबरी रस्त्यावर रोज धावूही नये. धावण्यासाठीच बनवलेले, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे हलके बूट घ्यावेत. अनवाणी धावण्याची सवय असलेली खेड्यातली मुले मातीवर अनवाणी धावू शकतात. सवय नसलेल्याने रॅलीच्या दिवशी तो प्रयोग करू नये.

पहिले चार ते सहा आठवडे : हळू धावणे

नवीन मुलगा पहिल्याच दिवशी सोळाशे मीटर जीव तोडून धावतो, वेळ लावतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतो आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात, परंतु हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या शिरा सरावायला काही महिने घेतात. दम वाढला म्हणून मुलगा वेग वाढवतो आणि हाड मागे पडते. शिवाय साडेपाच मिनिटांच्या धावण्यात शरीराला लागणाऱ्या ताकदीचा मोठा वाटा प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेतून येतो, आणि तिचा पाया सावकाश, लांब धावण्याने पक्का होतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात चार दिवस, प्रत्येकी वीस मिनिटे, शेजारच्या मुलाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या संथ गतीने धावावे. तेही जमत नसेल तर दोन मिनिटे धावून एक मिनिट चालावे आणि असे सात वेळा करावे. यात कमीपणा काही नाही. आमच्याकडून निवडल्या गेलेल्या मुलांपैकी बरेचजण असेच सुरू झाले होते. दर आठवड्याला एकूण वेळ थोडी थोडी वाढवत चौथ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत न थांबता पस्तीस-चाळीस मिनिटे धावता आले पाहिजे. जमीन शक्यतो मातीची असावी. पावसाळ्यात काळ्या रानात बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि पाय मुरगळतो, तेव्हा रस्त्याकडेचा मुरमाचा पट्टा किंवा लहान घाट धरावा.

धावण्याआधी पाच मिनिटे चालणे आणि हलके पळणे, नंतर पाय झुलवणे, गुडघे वर उचलणे, टाचा मागे मारणे असे हालते व्यायाम करावेत. ताणून धरण्याचे व्यायाम धावून झाल्यावर करावेत. आठवड्यातून दोनदा बैठका, एका पायावर उभे राहून टाच उचलणे आणि पोटाच्या स्नायूंसाठी कोपरांवर अंग सरळ धरणे, एवढे पुरेसे आहे. टाच उचलण्याच्या व्यायामाला कोणी किंमत देत नाही, पण पोटरी मजबूत असलेल्या मुलाची नडगी सहसा दुखत नाही.

सहाव्या आठवड्यापासून : राऊंडचे गणित

५:३० म्हणजे ३३० सेकंद. चारशे मीटरचे चार राऊंड धरले तर प्रत्येक राऊंडला साडेब्याऐंशी सेकंद येतात आणि दर शंभर मीटरला साधारण साडेवीस सेकंद. ५:४५ साठी राऊंड सव्वाशहाऐंशी सेकंदांचा. हे आकडे पाठ असावेत, कारण पुढची सगळी तयारी पायांना हा वेग ओळखीचा करून देण्याची आहे.

सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण सोळाशेची वेळ लावावी. समजा ती ६:३० आली, म्हणजे राऊंड सुमारे साडेसत्त्याण्णव सेकंदांचा. अशा मुलाने लगेच ब्याऐंशीचे राऊंड मारायला जाऊ नये. आजच्या वेळेपेक्षा चार-पाच सेकंदांनी वेगवान, म्हणजे ९२ ते ९४ सेकंदांचे पाच राऊंड, प्रत्येक राऊंडनंतर दोन मिनिटे चालून, असे आठवड्यातून एकदा करावे. पाचही राऊंड एकाच वेळेत आले तर सराव बरोबर झाला. पहिला ८६ आणि शेवटचा १०२ आला तर घाम निघाला, पण शिकायचे ते राहिले. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सोळाशे लावावी आणि नव्या वेळेवरून राऊंडचा वेग ठरवावा.

आठवड्यातला दुसरा कष्टाचा दिवस चढाचा ठेवावा. गावाबाहेरचा एखादा मध्यम चढ पाहून पंचवीस-तीस सेकंद जोराने चढणे आणि सावकाश चालत उतरणे, असे आठ वेळा करावे. चढावर पायांची ताकद वाढते आणि वेग कमी असल्यामुळे हाडांवर आघातही कमी बसतो. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस अर्धा तास संथ धावणे, रविवारी पंचेचाळीस ते पन्नास मिनिटे संथ धावणे आणि दोन दिवस धावण्याला पूर्ण सुट्टी. मंगळवार आणि शुक्रवार कष्टाचे ठेवले की त्यांच्यामध्ये शरीर सावरायला जागा राहते. कष्टाचे दोन दिवस लागोपाठ कधीही घेऊ नयेत.

अकराव्या आठवड्यापासून राऊंडच्या जागी लांब तुकडे आणावेत. लक्ष्याच्या वेगाने तीन वेळा ८०० मीटर, मध्ये चार मिनिटे विश्रांती. पुढच्या आठवड्यात चारशेचे सहा राऊंड, मध्ये दीड मिनिट विश्रांती. त्यापुढे एकदा १,२०० मीटर लक्ष्याच्या वेगाने. पूर्ण सोळाशेची परीक्षा दोन आठवड्यांतून एकदाच. रोज सोळाशे लावणारा मुलगा रोज परीक्षाच देत असतो, त्याचा अभ्यास होत नाही.

वेग समान ठेवणे म्हणजे काय, हे एका मुलाच्या दोन धावण्यांतून दाखवतो. पहिल्या वेळी त्याचे राऊंड होते ७२, ८४, ९४ आणि ९७. एकूण ५:४७, म्हणजे दुसरा गटही दोन सेकंदांनी हुकला. पहिला राऊंड संपवून माझ्यासमोरून गेला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता आणि मान ताठ होती. तिसऱ्या राऊंडला खांदे कानांपर्यंत वर आलेले, मुठी आवळलेल्या आणि पावले आपटत होती. आठ दिवसांनी त्याला एवढेच सांगितले की पहिल्या शंभर मीटरच्या खुणेवर वीस सेकंदांच्या आत पोहोचायचे नाही. त्या दिवशी राऊंड आले ८३, ८३, ८४ आणि ७९, एकूण ५:२९. आठ दिवसांत त्याची ताकद वाढली नव्हती. सुरुवातीला उधळून टाकलेला दम त्याने शेवटच्या राऊंडसाठी राखून ठेवला होता.

आज ज्याची वेळ सात मिनिटांच्या पुढे आहे त्याने चार महिन्यांत ५:३० ची अपेक्षा धरू नये. त्याला सहा महिने किंवा अधिक लागू शकतात, आणि वय हातात असेल तर पुढच्या वर्षीची भरती डोळ्यांपुढे ठेवणे हा शहाणपणाचा निर्णय आहे.

बीम

पुल-अप पूर्ण कधी मानायचा, ते आधी पक्के करावे. तळवे पुढच्या दिशेला ठेवून बार पकडायचा, हात कोपरात पूर्ण सरळ होईपर्यंत लटकायचे, अंग न झुलवता आणि पाय न मारता वर जाऊन हनुवटी बारच्या वर न्यायची, आणि पुन्हा हात पूर्ण सरळ करायचे. अर्धवट खाली येऊन काढलेले पुल-अप्स घरच्या मैदानावर मोजले जातात, पण रॅलीत समोर उभा असलेला जवान ते मोजत नाही, आणि मुलगा ‘दहा काढले तरी सातच धरले’ म्हणत परत येतो.

एकही पुल-अप येत नसेल तर पहिले तीन आठवडे तीन व्यायाम करावेत. बारला नुसते लटकणे, वीस सेकंदांपासून वाढवत एक मिनिटापर्यंत. उडी मारून किंवा स्टुलावरून हनुवटी बारच्या वर नेणे आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली येणे, असे पाच वेळा. आणि कमरेइतक्या उंचीच्या मजबूत दांडीखाली, टाचा जमिनीवर ठेवून व अंग सरळ धरून, छाती दांडीला लावणे, असे दहा-दहाचे तीन डाव. सावकाश खाली येण्यातच ताकद तयार होते, त्यामुळे तिथे घाई करू नये.

दोन-तीन पुल-अप्स यायला लागले की एक, दोन, तीन, पुन्हा एक, दोन, तीन अशी शिडी करावी. मध्ये दीड मिनिट थांबावे. एकूण बारा झाले. पुढच्या आठवड्यांत शिडीच्या फेऱ्या वाढवाव्यात, मग पायरी चारपर्यंत न्यावी. बीमचा सराव आठवड्यातून चार दिवस असावा, पण प्रत्येक वेळी हात थरथरेपर्यंत जाऊ नये. आणखी एक निघाला असता असे वाटत असतानाच बार सोडावा. रॅलीत दहा हवे असतील तर मैदानावर, ताजेतवाने असताना, बारा-तेरा निघाले पाहिजेत, कारण तिथे धावणे आधी होते आणि त्याच दिवशी बीमला उभे राहावे लागते. म्हणून शेवटच्या सहा आठवड्यांत आठवड्यातून एकदा जोरात धावून झाल्यावर लगेचच्या अर्ध्या तासात बीम मारण्याचा सराव करावा. पाय जड असताना आणि छाती अजून धपापत असताना बार कसा लागतो, हे आधीच ठाऊक असावे.

आपल्याकडे तालमीची परंपरा आहे आणि जोर-बैठका मारणारी मुले भरतीला चांगली तयार असतात, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. जोर छाती, खांदे आणि दंडाच्या मागची बाजू घडवतो, म्हणजे ढकलण्याची ताकद देतो; बीमला पाठ आणि दंडाची पुढची बाजू लागते, म्हणजे ओढण्याची ताकद. तालमीत टांगलेल्या दोरावर चढण्याचा सराव असेल तर तो मात्र थेट उपयोगी पडतो. पोलीस भरतीचीही तयारी करणाऱ्या मुलांना हेच सांगतो : तिथेही सोळाशे मीटर आहे म्हणून धावणे दोन्हीकडे चालते, पण गोळाफेकीच्या सरावाने बीम येत नाही.

बार थोडा जाड असेल तर पकड लवकर सुटते. म्हणून कधी कधी बारवर टॉवेल गुंडाळून लटकावे. तळहाताला घट्टे पडले तर ते घासून सपाट ठेवावेत. वर आलेला घट्टा ऐन वेळी फाटतो.

खड्डा आणि झिगझॅग

नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटर. धावत येऊन निरोगी मुलगा तो सहज ओलांडतो, पण कडेवर पाऊल अडखळले की घोटा जातो. मैदानावर दोन रेघा मारून, दहा-बारा पावलांची धाव ठरवून, दोन्ही पायांवर गुडघे वाकवत उतरण्याचा सराव आठवड्यातून एकदा पुरे. झिगझॅगसाठी विटांची नागमोडी रांग लावावी किंवा शेताच्या अरुंद बांधावरून चालावे. नजर पायांकडे न ठेवता दोन पावले पुढे ठेवली की तोल जात नाही.

मुलींसाठी

लष्करी पोलीस दलात अग्निवीर म्हणून मुलींची भरती होते. त्यांच्यासाठी १.६ किलोमीटर ७:३० मिनिटांत पहिला गट आणि ८:०० मिनिटांपर्यंत दुसरा गट, दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी अशी चाचणी असते. ७:३० साठी राऊंड साडेबारा सेकंद अधिक शंभर, म्हणजे ११२.५ सेकंदांचा येतो. धावण्याची वर दिलेली सगळी पद्धत जशीच्या तशी लागू आहे. मुलींमध्ये रक्तातील लोहाची कमतरता बरीच आढळते, त्यामुळे त्यांनी हिमोग्लोबिनची तपासणी टाळूच नये, आणि पाळी अनियमित झाली तर तो कमी खाण्याचा किंवा अति सरावाचा इशारा समजून डॉक्टरांना भेटावे.

दुखापत, आहार आणि औषधे

नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेली दुखरी भावना असेल तर आठ-दहा दिवस धावणे कमी करावे, बर्फ लावावा, सायकल चालवावी आणि टाच उचलण्याचा व्यायाम चालू ठेवावा. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याची शक्यता असते. तेव्हा धावणे त्याच दिवशी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. दुखणे दाबण्याच्या गोळ्या खाऊन धावत राहणाऱ्या मुलांची अख्खी भरती हातची गेलेली मी पाहिली आहे.

आहारासाठी महागडे डबे लागत नाहीत. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, उसळ, हिरवी भाजी, दूध किंवा दही, खात असाल तर दोन-तीन अंडी, भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे-गूळ, एवढ्यात सगळे येते. पहाटे धावण्यापूर्वी एक केळे किंवा दोन-चार खजूर पुरेत. धावून झाल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी करावी. वजन घटवायचे म्हणून उपाशी राहून कष्टाचा सराव करू नये. झोप आठ तास. पाच वाजता उठायचे असेल तर मोबाईल नऊला बाजूला ठेवावा लागेल. मार्च ते जून सूर्य वर येण्याआधी धावणे उरकावे. धावताना एखादा मुलगा असंबद्ध बोलू लागला किंवा अडखळू लागला तर तो उष्माघात समजावा, त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि लगेच रुग्णालयात न्यावे.

रॅलीच्या आधी कोणी ‘दम वाढवणारे’ इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली तर त्या माणसापासून दूर राहावे. उत्तेजकांना भरतीत बंदी आहे आणि तपासणीत सापडलेला उमेदवार बाद होतो. त्याहून वाईट म्हणजे अशा औषधावर उन्हात जिवापाड धावताना जीव जाऊ शकतो. ‘साहेबांची ओळख आहे, रनिंग काढून देतो’ म्हणणाऱ्यालाही पैसे देऊ नयेत. घड्याळ कोणाची ओळख मानत नाही.

शेवटचे दहा दिवस आणि रॅली

रॅलीच्या दहा दिवस आधी शेवटची सोळाशे लावावी. त्यानंतर धावणे निम्म्यावर आणावे. वेग तोच, अंतर कमी. शेवटचा जोराचा सराव चार दिवस आधी, तीन राऊंड लक्ष्याच्या वेगाने. बीमला शेवटचे तीन दिवस पूर्ण विश्रांती. या दिवसांत पाय वळवळतात, काहीच केले नाही असे वाटते, तरीही थांबावे. नवीन बूट, नवीन पदार्थ, नवीन व्यायाम काहीही सुरू करू नये.

रॅलीला अनेकदा रात्रीच हजर व्हावे लागते आणि धावण्याची पाळी पहाटे येते. प्रवेशपत्र आणि कागदपत्रे मूळ व झेरॉक्स प्रतींसह आदल्या दिवशी दुपारीच लावून ठेवावीत. दुपारी झोप घ्यावी, संध्याकाळी वरण-भात-भाकरी असे नेहमीचे जेवावे, सोबत केळी, गूळ-शेंगदाणे आणि पाणी ठेवावे. रांगेत बसून अंग थंड पडते, म्हणून जागेवरच घोटे फिरवत, उठबस करत राहावे.

तुकडी सुटते तेव्हा मोठी रेटारेटी होते आणि पहिल्या वळणावर मुले पडतात. पहिले तीस-चाळीस मीटर थोडे बाहेरून जावे आणि मग आतली बाजू धरावी. संपूर्ण धाव बाहेरूनही करू नये : आतल्या रेषेपासून एक मीटर बाहेर धावले तर दर राऊंडला सव्वासहा मीटर जास्त पडतात, चार राऊंडला पंचवीस मीटर, म्हणजे पाच सेकंद. पहिल्या राऊंडला शंभर मुले पुढे गेली तरी जाऊ द्यावीत. तिसऱ्या राऊंडला त्यातली निम्मी चालताना भेटतात. तिसरा राऊंड सर्वांत कठीण असतो. तिथे खांदे सैल सोडून हात मागे ओढण्याकडे लक्ष द्यावे. शेवटच्या दोनशे मीटरला उरलेले सगळे काढावे आणि वेळ संपताच आडवा टाकल्या जाणाऱ्या दोराच्या पुढे पाच-दहा मीटर जाईपर्यंत वेग सोडू नये, कारण दोर टाकला जातो तेव्हा दोन पावलांनी मागे राहिलेला मुलगाही मागेच राहतो.

धावून झाल्यावर बसू नये. चालत श्वास सावरावा, घोट-घोट पाणी प्यावे, गुळाचा खडा तोंडात टाकावा आणि हात झटकून मोकळे करावेत. बीमला पाळी आली की तळहात कोरडे पुसावेत, पहिले पाच पुल-अप्स घाई न करता एका लयीत काढावेत आणि दर वेळी खाली हात पूर्ण सरळ करावेत.

मैदान निघाल्यावर वैद्यकीय तपासणी होते. कानातला मळ, दातांची कीड, मूळव्याध, हर्निया, चिकटणारे गुडघे, सपाट तळपाय, रंगांधळेपणा अशा कारणांवरून तिथे मुले अडकतात. यांतल्या ज्या गोष्टी उपचाराने सुटतात त्या रॅलीच्या दोन-तीन महिने आधी जवळच्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात, म्हणजे शस्त्रक्रिया लागलीच तर भरून यायला वेळ मिळतो. कानातला मळ मात्र आठवडाभर आधी काढलेला चांगला. तपासणीत अनफिट ठरवले तर घाबरून घरी निघून येऊ नये. हातात मिळालेल्या कागदावर नेमून दिलेले लष्करी रुग्णालय आणि मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत तिथे तज्ज्ञांसमोर फेरतपासणीसाठी हजर व्हावे, आणि जाताना आधीच्या उपचारांचे सगळे कागद बरोबर न्यावेत.